हरणाबाईचे घोगरे

मासे पकडण्याच्या बाबतीत मी पूर्ण नापास झालेला माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. नदी नसलेल्या कोरड्या माळावर वाढलो. मास्तरकीनं आष्ट्याजवळच्या कृष्णाकाठच्या एका गावात आणून टाकलं, आणि नदी बघून मला वाटलं, आता रोज कालवणात मासा. दोन वर्षं दर रविवारी मी बांबूची काठी घेऊन काठावर बसत होतो. गळाला दोन खेकडे लागले, आणि एकदा माझंच धोतर. तेव्हा मी ज्या बाईबद्दल सांगणार आहे तिचं कौतुक करताना माझा हात जरा सैल सुटला, तर समजून घ्या. ज्याला जे येत नाही, त्याला त्याची किंमत जास्त कळते.

हरणाबाई भोईआळीतली. वय तिशीच्या आतबाहेर, अंगानं बारकी, कपाळ मोकळं. तिचा नवरा अर्जुना त्रेचाळीसच्या पावसाळ्यात हिवतापानं गेला. लढाईमुळं कोयनेलच्या गोळ्या मिळत नव्हत्या, आणि मिळाल्या तेव्हा त्या घ्यायला माणूस उरला नव्हता. मागं राहिली ही आणि हिची सासू मनुबाई, जिला एका डोळ्यानं काही दिसत नव्हतं आणि दुसऱ्यानं नको ते सगळं दिसत होतं. पोरबाळ नाही, शेत नाही. होता तो एक डोह.

आमच्या गावच्या भोयांनी नदी आपसात वाटून घेतली होती. प्रत्येक घराला एक डोह. दर आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नदीकाठच्या पिंपळाखाली जमात बसायची. जमातीचा म्होरक्या तात्याबा एकेका घराचं नाव घ्यायचा, त्या घराच्या पागाला, म्हणजे फेकायच्या जाळ्याला, अंगठ्यानं कुंकू लावायचा, आणि पुढच्या आखितीपर्यंत तो डोह त्या घराचा व्हायचा. अट एकच होती. घराचा हात वर्षभर पाण्यात असला पाहिजे. हात निघाला की डोह दुसऱ्याला. अर्जुना गेल्यावरच्या पहिल्या आखितीला दुःखाचं घर म्हणून कोणी काही बोललं नाही. पण दुसऱ्या आखितीला बोलणार, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं.

कारण नियम आणखी एक होता. बाईनं जाळ्याला हात लावायचा नाही. बाईचा हात लागला की मासा जाळं ओळखतो म्हणे. मासे साफ करायचे बायकांनी, शिजवायचे बायकांनी, डोक्यावर पाटी घेऊन आष्ट्याच्या बाजारात विकायचे बायकांनी. पकडायचे तेवढे पुरुषांनी. मी एकदा तात्याबाला विचारलं, की माशाला बाईचा हात पाण्यात कळतो, तर मग पाटीत का कळत नाही? तात्याबा शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुमी साळंतलं बगा." मी शाळेतलं बघू लागलो.

अर्जुनाचा पाग घरात खुंटीला टांगलेला होता. मनुबाई त्याच्याखालीच अंथरूण टाकायची आणि सुनेला त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू द्यायची नाही. पागाच्या काठाला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात, त्यांच्या वजनानं जाळं तळाला बसतं. एके सकाळी हरणाबाई झाडलोट करत होती, तर खुंटीखाली चार गोळ्या पडलेल्या. दुसऱ्या दिवशी आणखी तीन.

"उंदरानं दोरा कुरतडला आसंल," मनुबाई अंथरुणातूनच म्हणाली. "उचल की ते. पायात येतंय."

"आत्ती, जाळ्याचं हाय न्हवं?"

"जाळ्यातनं पडलं ते जाळं न्हवं. उचल."

हरणाबाईनं उचललं. ओच्यात बांधून ठेवलं आणि दोन दिवस विचार केला. बाईनं जाळं टाकायचं नाही असा नियम होता. दोरीबद्दल मात्र कुणीच काही बोललेलं नव्हतं, कारण बाई दोरी टाकेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं लोखंडी पळीत शिसं वितळवलं. लोहाराकडून दाभण वाकवून गळ करून आणला. बोरूच्या पोकळ कांडीत तो गळ उभा धरून वरून शिसं ओतलं. निवल्यावर कांडी फोडली, तर हातात बोटाएवढं शिसं आणि त्याच्या पोटातून बाहेर आलेला आकडा. आकड्याला कोंबड्याचं एक पांढरं पीस बांधलं. बाभळीच्या सालीत उकळलेली सुती दोरी घेतली आणि झुंजुमुंजु व्हायच्या आत ती डोहावर गेली.

त्यांचा डोह वळणाच्या पलीकडं होता, दरडीच्या आडोशाला. तिथं कोणी सहज जात नसे. मी गेलो तो मासे मिळत नसल्याच्या वैतागानं, जागा बदलून बघावी म्हणून. बघतो तर पाण्यात घुसलेल्या एका खडकावर ही बाई कासोटा मारून उभी. काठी नाही, काही नाही. दोरी नुसती बोटावर घेतलेली. नजर पाण्यावर. मी काही विचारणार, तेवढ्यात तिनं हातानंच मला गप्प केलं.

दहा हातांवर पाण्यात बुडबुडा फुटला. तिनं शिसं नेमकं तिथं सोडलं. दोरी थोडी सुटली, मग मनगट वितभर वर, पुन्हा खाली. वर, खाली. पाण्याखाली ते पांढरं पीस उडी मारत असणार, जखमी माशासारखं. तिसऱ्या उडीला दोरीला हिसका बसला आणि तिनं हातभर लांबीची मरळ खडकावर आणली. मी तिथंच काठी खाली ठेवली. पुन्हा ती मी उचलली नाही.

"मरळ पाण्यातली हवा खाऊन ऱ्हात न्हाई, मास्तर," ती म्हणाली. "तिला दम घ्याया वर यावं लागतंय. वर आली की ती कुटं हाय ते कळलं. मग शिसं खाली जाईस्तवर तिला दिसलं तर दिसलं. न्हाई तर तळाला घोगरा हायच."

"घोगरा?"

"दावते," म्हणाली. पुढच्या खेपेला तिनं शिसं सोडलं, मरळीनं घेतलं नाही, शिसं तळाला टेकलं. मनगट वर केलं तर दोरी जड. हिसका नाही, नुसतं ओझं, आणि त्या ओझ्यानं मान हलवावी तशी एक हालचाल. हरणाबाईनं सुस्कारा टाकला आणि दोरी ओढली. चपट्या डोक्याचा, मिशावाला, राखी रंगाचा मासा. खडकावर आल्याबरोबर तो घर्र घर्र असा आवाज काढू लागला. मी मागं सरलो.

"ह्यो घोगरा. भायेर काढला की गाऱ्हाणं सांगतोय."

घोगऱ्याची पत आमच्या गावात फार खाली होती. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे असतात, करवतीसारखे. पागात सापडला की काटे जाळ्यात रुततात आणि जाळ्याची चार भोकं कापल्याशिवाय सुटत नाहीत. त्यामुळं जाळं टाकणारे त्याला शिव्या देऊन दगडावर आपटायचे आणि घारींना टाकायचे. खाल्ला तर वात होतो असंही म्हणत. बाजारात त्याला मांडायची कोणाची छाती नव्हती. शेजारची पाटीवालीच उठून गेली असती.

हरणाबाईनं त्याला जबड्याखाली धरून गळ सोडवला. तिच्या तळव्यावर पांढरे वण होते, जुन्या काट्यांचे. मला वाटलं आता फेकणार, पण तिनं तो पाटीत टाकला, मरळीच्या शेजारी नाही, वेगळ्या कोपऱ्यात.

"पदरी पडलं, पवित्र झालं," ती म्हणाली. "मरळ बाजाराला. ह्यो आमाला."

आणि ते वर्ष तसंच गेलं. मरळीला गिऱ्हाईक तुटून पडायचं. आष्ट्याच्या, इस्लामपूरच्या घरांतून पोरं लढाईवर गेली होती, काही परत आली होती ती नुसती हाडं होऊन. आजाऱ्याला आणि बाळंतिणीला मरळीचं कालवण द्यायची रीत आहे. हरणाबाईची पाटी उन्हं चढायच्या आत रिकामी व्हायची. एका मरळीमागं तीन-तीन घोगरे निघायचे, ते घरी. त्यांची हाडकी डोकी आणि काटे ती परसात दुध्या भोपळ्याच्या वेलाच्या बुडाशी पुरायची. वेलाला मासळीचं खत मानवतं. त्या वेलाचे भोपळे मी खाल्लेत, माझ्या शाळेतल्या पहिलीच्या पोराएवढे असायचे.

मनुबाईचं तोंड मात्र वर्षभर चालू होतं. पाणवठ्यावर, दळणाच्या वेळी, दारात बसून, जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून. "आज बी घोगरा. काल बी घोगरा. मरळ जाती पाटला-सावकाराच्या घरला, आन् म्या म्हातारीनं ह्यो घुरघुऱ्या चावायचा. अर्जुना आसता तर आसलं खायला घातलं न्हसतं." सून ऐकून घ्यायची. एकदा मी म्हणालो, की तुम्ही उलटं एक अक्षर बोलत नाही. तर म्हणाली, "शिव्या देती म्हंजी पोट भरलंय. उपाशी माणूस गप आसतंय." मला हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवावंसं वाटलं.

आता गुंडाकडं येतो, यायलाच हवं. गुंडा हा अर्जुनाचा चुलतभाऊ. पाग टाकण्यात तरबेज, हे मला कबूल करावं लागेल, पण स्वभावानं असा, की दुसऱ्याच्या ताटातली भाकरी त्याला मोठी दिसायची. त्याचा डोह वळणाच्या अलीकडं, उथळ. हरणाबाईच्या डोहावर त्याचा डोळा होता. आणि त्याला मुद्दाही मिळाला होता. हरणाबाईचा भाऊ कृष्णात सांगलीकडं नदीवर राहायचा, त्याचा धंदा जाळ्याचा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तो बहिणीला भेटायला यायचा. गुंडानं आळीत पसरवलं, की बाई कुठली मासे धरतेय? मरळी कृष्णातच्या जाळ्यातल्या. भाऊ आणतो, बहीण विकते. आपल्या नदीत त्या घराचा हात कधीच बुडाला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण ऐकणाऱ्यांना ते पटलं, कारण बाई मासे धरते यापेक्षा भाऊ आणून देतो हे पटायला सोपं होतं.

पंचेचाळीसच्या आखितीच्या सकाळी तात्याबानं ठरवलं, की सगळ्यांनी डोहावर जाऊन बघायचं. गेले. पंधरा-वीस पुरुष दरडीवर बसले. विड्या काय, खोकणं काय, खाली खडे टाकणं काय. हरणाबाई खडकावर उभी राहिली. बुडबुडा फुटेना. एवढ्या गलक्यात मरळ वर येईल कशाला? तरी तिनं शिसं सोडलं. पहिला घोगरा. दुसरा घोगरा. उन्हं डोक्यावर येईपर्यंत सहा निघाले, सहाही घोगरे. प्रत्येक घुरघुरला की दरडीवर हशा.

तिनं एकदाच वर बघून म्हटलं, "जरा गप बसा की. मरळीला दम घिऊ द्या." कोणी गप्प बसलं नाही. मला एवढा संताप आला, की मी उठून दोघांना दटावलं. त्यांनी मला विडी दिली.

दुपार कलल्यावर जमात पिंपळाखाली बसली. मी कडेला. एकेका घराचा पाग पुढं आला, तात्याबानं कुंकू लावलं. अर्जुनाच्या घराचं नाव आलं तसा गुंडा उठला.

"सकाळी सगळ्यांनी बगितलं," तो म्हणाला. "घोगरा काय, कुणाला बी लागतोय. मरळ हाय कुटं? मरळ कृष्णातच्या जाळ्यात. ह्या घराचा हात पाण्यात न्हाई. वरीसभर घर म्हायेरच्या मासळीवर चाललंय."

मी म्हणालो, मी स्वतः डोळ्यांनी बघितलं आहे. गुंडा हसला. "मास्तर रविवारचं नदीवर. वरीस रविवारचंच आसतंय व्हय?" पोरांनाही इतकं चोख उत्तर मी कधी दिलं नव्हतं.

हरणाबाई बायकांच्या बाजूला उभी होती. हातात शिशाची दोरी गुंडाळून घेतलेली. तिचा चेहरा मी पाहिला, आणि तो मला बघवला नाही. हा डोह गेला असता तर ती दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी उसात खुरपणीला गेली असती, आणि म्हातारी गुंडाच्या ओसरीवर. तिला ते कळत होतं. सगळ्यांनाच कळत होतं.

आणि इथं गुंडानं चूक केली. जिंकत आलेला माणूस करतो ती. त्याला वाटलं, खुंटी अजून हलवून घट्ट करावी. तो म्हणाला, "माजं न्हाई खोटं वाटत तर घरातल्या माणसाला इचारा. मनुकाकू वरीसभर सुनेला शिव्या देत फिरतीया. तीच सांगंल, सून काय करती ते. काकू, सांग गं."

शिव्या देणारी सासू म्हणजे आपल्या बाजूची, हा त्याचा हिशेब. साऱ्या आळीचाही तोच हिशेब होता, आणि खोटं का बोलू, माझाही.

मनुबाई काठी टेकत उठली. चांगला डोळा तिनं गुंडावर लावला.

"काय म्हनलास रं तू? माजं घर म्हायेरच्या मासळीवर चालतंय?"

"काकू, तसं न्हवं..."

"तसंच म्हनलास. समद्या जमातीत म्हनलास. अर्जुनाच्या घरात सुनेच्या भावाचं खातोय आमी? आरं, म्या वरीसभर काय वरडतीया? घोगरा घोगरा म्हनून वरडतीया. तुझ्या कानात काय भरलं हुतं? कुनाचा भाऊ सांगलीसनं घोगरा घिऊन येतोय? कंच्या बाजारात घोगरा इकत मिळतोय? सांग की."

गुंडा एक पाऊल मागं सरला.

"मरळ कुटनं बी आणता यील," म्हातारी पुढं म्हणाली, "घोगरा आणाया कोन यडा न्हाई. ज्याचा हात तळाला, त्यालाच घोगरा. तात्याबा, माज्या परसात ये. भोपळ्याच्या बुडाला काय पुरलंय ते उकर, आन् मग ह्याला इचार, हात पाण्यात हाय का न्हाई."

तात्याबा उठला. त्याच्यामागं सगळी जमात, जमातीमागं मी. मनुबाईच्या परसात त्यानं काठीनं वेलाचं बूड उकरलं. वर ताजी डोकी निघाली, सकाळचीच वाटावीत अशी. त्याखाली पांढरी पडलेली. त्याखाली पिवळी, ठिसूळ, पावसाळ्यातली. मातीपेक्षा हाडं जास्त. करवती काटे काठीला अडकत होते. तात्याबा उकरत राहिला, हातभर खोल गेला, तरी घोगरेच. मग त्यानं काठी टाकली आणि खाली बसून एक डोकं हातात घेतलं. सत्तर वर्षं नदीत काढलेला माणूस तो. त्याला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"येवढं घोगरं काडायचं," तो म्हणाला, "म्हंजी रोज खडकावर हुबं ऱ्हायाला पायजे. थंडीचं बी." मग गुंडाकडं न बघताच म्हणाला, "तुजा पाग गेल्या थंडीत दोन म्हैनं वाळत घातला हुता, गुंडा. म्या बगितलाय." गुंडा मान खाली घालून वेलाकडं बघत राहिला.

पुन्हा सगळे पिंपळाखाली आले. तात्याबानं अर्जुनाच्या घराचं नाव पुकारलं. हरणाबाई पुढं आली आणि तिथं पेच पडला. कुंकू पागाला लावायची रीत. पागाला ती हात लावू शकत नव्हती, आणि तिच्या हातात होतं ते शिसं. विधवेच्या हातातल्या वस्तूला कुंकू कसं लावायचं, हे तात्याबाला कळेना. अंगठा करंड्यात बुडलेला, पण हात पुढं येईना. हरणाबाईनं हात मागं घेतला. तिला जणू ते अपेक्षितच होतं.

"लाव रं," मनुबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "ते माज्या अर्जुनाच्या जाळ्यातलंच शिसं हाय."

"उंदरानं तोडलेलं न्हवं?" कोणीतरी म्हणालं.

"उंदराला शिसं कशाला लागतंय?" म्हातारी म्हणाली. "रातच्याला म्याच इळीनं कापत हुते. बाईनं जाळ्याला हात लावायचा न्हाई म्हंत्यात. माजं काय, म्या म्हातारी. पर सुनंला दोष लागाया नगं."

हरणाबाईनं सासूकडं बघितलं. वर्षभर रोज शिव्या खाल्लेल्या त्या बाईनं मागं घेतलेला हात पुन्हा पुढं केला. माझे डोळे भरून आले, आणि ते पुसायला मी कोणाची लाज धरली नाही.

तात्याबानं शिशाला कुंकू लावलं. जरा जास्तच लावलं, दोरीलाही लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी डोहावर गेलो. काठी घेऊन नाही, नुसता बघायला. दरडीवर कोणी नव्हतं, पाणी शांत होतं. बुडबुडा फुटला, लाल डाग पडलेलं शिसं त्यावर पडलं, आणि पहिल्याच उडीला मरळ आली. चांगली दांडगी. हरणाबाईनं ती पाटीत टाकली. मग घोगऱ्यांच्या कोपऱ्याकडं बघितलं, थोडा विचार केला, आणि मरळ उचलून तिकडं ठेवली.

"आज आत्तीला," ती म्हणाली, आणि पुन्हा शिसं सोडलं.